शवासनातलं भजन

“बंद कर रे श्रावण! जिते आहो ना आमी अजून!”

भगवंतराव चटईवर उठून बसले होते. एरवी या रिटायर्ड मास्तरांना कुशीवर वळायलाही कोणाचा तरी हात लागे. आज एकटेच ताडकन उठले. सौंसरच्या मंगल कार्यालयात शवासनात पडलेली मंडळी एकेक करून डोळे उघडू लागली. श्रावणची बोटं पेटीवर थबकली. दाबलेला सूर भात्यातली हवा संपेपर्यंत रेंगाळत राहिला.

आपण काय वाजवत होतो, ते तेव्हा कुठे त्याला कळलं.

श्रावण भजनी मंडळाचा पेटीवाला. गावात कोणी गेलं की मंडळ तिरडीपुढे भजन म्हणत घाटापर्यंत जायचं आणि श्रावण गळ्यात पेटी अडकवून वाजवत चालायचा. लग्नं डीजेनं नेली, गणपती डीजेनं नेले. मरण तेवढं मंडळाकडे उरलं. मग मंडळातलेच एकेक गेले. शेवटी टाळवाला भिवाजी गेला, तेव्हा मागे गाणारं कोणी नव्हतं. पेटी पलंगाखाली गेली आणि श्रावणचं बोलणंही कमी झालं.

मोबाईलच्या संगीतात जीव नसतो म्हणून योगवर्गाच्या प्रणाली मॅडमनी त्याला बोलावलं. श्वास आत, तेव्हा सूर चढता; श्वास बाहेर, तेव्हा उतरता. म्हातारा खुलला. घरी बायकोला सांगायचा, “वत्सला, माह्या पेटीवर मास्तर श्वास घेऊन राहिला!” वत्सला अंथरुणातच असायची. नागपूरच्या डॉक्टरांनी आता औषधं पुरे, घरी न्या, असं सांगितलं होतं. तरी ती खुदकन हसायची. त्या घरात हसण्यासारखं तेवढंच होतं.

आज सकाळी थंडी होती. शवासनाच्या वेळी सगळ्यांनी कार्यालयातल्या पांढऱ्या चादरी अंगावर ओढल्या. समोर ओळीनं ती माणसं बघितली आणि श्रावणचे हात आयुष्यभराच्या सवयीनं आपोआप तिरडीपुढच्या भजनाच्या चालीवर गेले.

मंडळी कुजबुजत निघून गेली. प्रणाली मॅडम त्याच्याजवळ येऊन बसल्या.

“काका, तुम्ही मुद्दाम नाही केलं, मला माहीत आहे. पण उद्यापासून मी मोबाईलच लावते.”

“दुसरं वाजवतो ना, मॅडम. ते पुन्यांदा नाही वाजवत.”

“आता तुम्ही काहीही वाजवलं, तरी त्यांना तेच ऐकू येईल, काका.”

त्यानं भाता मिटला. दाराशी चपला घालताना वर्गातली अमिता मागे थांबलेली भेटली. दिवाळीत तिचे वडील गेले होते. डोळे पुसत ती म्हणाली, “बाबाच्या वेळी आमी मोबाईलवरच भजन लावलं होतं, काका.” आणि झपाझप निघून गेली.

घरी वत्सलानं विचारलं, “आज लवकर आले?”

त्यानं सगळं सांगितलं. भगवंतराव कसे उठले ते ऐकून ती हसली. हसताना धाप लागली, म्हणून त्यानं पाणी पाजलं.

“मंग आता नाही जाणार तुमी?”

“नाही.”

तिनं पलंगाशी ठेवलेल्या पेटीकडे बघितलं.

“काढा ते पेटी. वाजवा तेच भजन.”

“पागल झाली का? कायले?”

“त्या दिवशी तुमच्यानं होईन का वाजवणं? आन मले तरी आयकू येईन का?”

श्रावणचे डोळे भरून आले. ते लपवावेत असंही त्याला वाटलं नाही. खाली सतरंजीवर बसून त्यानं पेटी पुढ्यात ओढली. वत्सलानं चादर छातीपर्यंत घेतली, हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवले आणि डोळे मिटले.

पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली. डोळे न उघडताच ती पुटपुटली, “जरा हळू. घाई कायची आहे?”

त्यानं लय कमी केली.