गोड आवाजातली बंदी

अंबडच्या आमच्या कारखान्यात विजेची बटणं तयार व्हायची. लाइनवर सगळ्या बायका आणि मी क्वालिटीला, बी.एस्सी. झालेली म्हणून. दुपारी जेवणाचा भोंगा झाला की फाटकाशी सासवा, नणंदा, शेजारणी तान्ही पोरं कडेवर घेऊन उभ्या असायच्या. वॉचमन मोतीराम त्यांना सायकल स्टँडमध्ये घ्यायचा. तिथे दोन खांबांना आम्ही जुनी साडी बांधली होती. तिच्याआड पोरांना पाजायचं आणि उरलेल्या वेळात उभ्यानेच डबा खायचा. परवानगी कुणी दिली नव्हती, अडवलंही नव्हतं.

माझी ओवी सात महिन्यांची. बाटली दिसली की मान फिरवायची. सकाळी तिला सासूबाईंकडे देताना मी तिचं कपाळ चाचपायची, श्वास बघायची, आणि रिक्षात बसल्यावर वाटायचं, गॅस बंद केला होता ना? असा माझा स्वभाव.

त्या वर्षी ललित सर नवे आले. त्यांच्या खात्याला आता एचआर म्हणायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. महिन्याभरात मला केबिनमध्ये बोलावलं.

"मोहिनी, लाइनची सुपरवायझर तुला करतोय. कायम. फक्त सायकल स्टँडमधला तो प्रकार बंद व्हायला हवा. बाहेरचे लोक येणार आहेत कारखाना बघायला."

"मग एखादी खोली दिली तर..."

"खोलीबिली नाही. मी सांगितलं तर बायका भडकतील. तुझं ऐकतात. शनिवारी इमोशनल इंटेलिजन्सचं ट्रेनिंग ठेवलंय. ते ऐक आणि तसं सांग."

"आणि माझी मुलगी?"

"तू स्टाफ आहेस गं. तुझी फर्स्ट-एड रूममध्ये सोय करू."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कायम नोकरी म्हणजे काय, हे कंत्राटावर असलेल्या माणसालाच कळतं.

ट्रेनिंग शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. लाइनच्या बायका टेम्पोतून आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. शिकवायला पुण्याच्या ज्योत्स्ना मॅडम होत्या. आपल्या मनात काय चाललंय ते आधी ओळखा, मग समोरच्याच्या मनातलं ओळखा, मग बोला, असं त्या सांगत होत्या. मला पटत होतं. लहानपणापासून दुसरं काय केलं होतं मी? जिन्यात वडिलांची पावलं वाजली की आज घरात हसायचं की गप्प बसायचं ते मला कळायचं. त्याला शास्त्र म्हणतात, एवढंच नवीन होतं.

जेवणानंतर ललित सर उठले. "मॅडम, एक प्रसंग करून दाखवू. मोहिनी सुपरवायझर. चंद्रभागा कामगार. सायकल स्टँड बंद झालाय, हे समजावून सांगायचं."

बायका हसल्या. नाटकच ते. चंद्रभागा घोटीकडची, बिनधास्त. पदर खोचून समोर बसली. तिचं पोर पाच महिन्यांचं.

मी खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणला. "चंद्रभागा, तुझी अडचण मला कळते गं. मीसुद्धा आईच आहे. पण कंपनीचंही बघायला हवं ना आपण? आपलीच कंपनी."

"पर ताई, पोरगं उपाशी राहील की."

"मला कळतंय. मलाही वाईट वाटतंय." मी तिच्या हातावर हात ठेवला. "थोडं जमवून घेशील ना? माझ्यासाठी?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती खरंच विचार करत होती. तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग पडले होते, वेळ झाली होती पाजायची. तिने पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "बरं. तुमी म्हनता तर."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी ललित सरांची. "बघा! याला म्हणतात ईक्यू! सोमवारपासून असंच अमलात आणायचं."

तेव्हा कुठे बायकांना कळलं की हे नाटक नव्हतं. चंद्रभागाने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात अजून माझ्या हाताखाली होता.

"चंद्रभागा," मी म्हटलं, "नाही म्हण."

"आँ?"

"मी कितीही गोड बोलले तरी नाही म्हण. मी पण नाहीच म्हणतेय."

"मोहिनी!" ललित सर पुढे आले. "भावनांवर ताबा ठेव. हेच तर शिकवलं सकाळपासून."

"सर, आधी आपल्या मनातलं ओळखा, असं शिकवलं. ओळखलं मी. मला राग आलाय." मी उठून उभी राहिले. "आणि समोरच्याच्या मनातलं मला ओळखता येतं ते त्याला गुंडाळण्यासाठी नाही. खोली द्या. नाहीतर साडी राहू द्या."

ज्योत्स्ना मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "मग काय तर! लय झालं!"

"सुपरवायझरचं विसर आता," सर दबक्या आवाजात म्हणाले.

"विसरले."

खोटं होतं ते. रविवारी दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "दोन गोड शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "बोलले होते, आई. तेच बिघडलं."

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर साडी काढलेली होती. फाटक बंद. "वरून ऑर्डर हाय, ताई," मोतीराम मान खाली घालून म्हणाला. गजांपलीकडे सासूबाई, आणि त्यांच्या खांद्यावर रडून लालबुंद झालेली ओवी.

"त्यांना आत नको घेऊ. मला बाहेर सोड."

त्याने छोटा दरवाजा उघडला. मी रस्त्याच्या कडेला, फाटकासमोरच मांडी घालून बसले आणि ओवीला पदराखाली घेतलं. चंद्रभागा तिचं पोर घेऊन शेजारी टेकली. मग बाकीच्या आल्या. ट्रकवाले हळू होऊन बघत होते. बघू देत.

ललित सर धावत आले. "हा काय तमाशा? आत चला. सुट्टी संपल्याचा भोंगा होईल आता."

झालाच. आमच्यातली एकही उठली नाही.

"मोहिनी, मी तुझ्याशी बोलतोय."

"ऐकतेय, सर," मी म्हटलं आणि ओवीला दुसऱ्या बाजूला घेतलं.