दाराशी उभा वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे, एका टोकाला फुटलेला. मित्रांनो, घाटकोपरला डोंगरउतारावर शेवंतीमावशीच्या घरी मी रोज पाट्यावर फिरायचो. ओलं खोबरं, धणे, मिरच्या. "वाटप झकास झालंय," असं सगळे मावशीला म्हणायचे. मला कुणी म्हणालं नाही. मग मिक्सर आला आणि मी मोरीपाशी पडलो. स्वस्थ पडणं माझ्या स्वभावातच नाही हो!

मावशी शाळेत साफसफाई करते. करोनात बंद पडलेली शाळा पुन्हा उघडली, तेव्हा सहावीत श्रुतिका आली. तिची आई इस्पितळात आया. शाळा बंद असताना ड्युटीवर जाताना ती लेकीला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. दुसरा इलाज नव्हता. पहिल्याच दिवशी रस्त्याच्या खोदकामाचा आवाज नको म्हणून वर्गशिक्षिका शर्मिष्ठाबाईंनी वर्गाचं दार लावलं, आणि श्रुतिका दप्तर टाकून घरी पळाली. दुसऱ्या दिवशी जिन्यावरच बसून राहिली. "मला शाळाच नको."

मावशी बाईंना म्हणाली, "दार उघडं ठेवा ना. वाऱ्यानं आपटतं? त्याची सोय करते मी."

ती सोय म्हणजे मी. फुटक्या बाजूवर दाराशी उभा राहिलो. श्रुतिका शेजारच्या बाकावर. तिचा पाय सारखा हलायचा. दोन ओळी लिहिल्या की माझ्याकडे बघायची. वारा सुटला की माझाच जीव वरखाली. मी सरकलो तर?

"ए वरवंट्याची राणी," मागच्या बाकावरून यज्ञेश ओरडायचा, "दार लाव ना यार! डोकं फुटतंय."

"आहे कुठे तुला डोकं?" श्रुतिका उलट विचारायची.

बाई हसू दाबून म्हणायच्या, "दार उघडंच राहील. पुढे वाच."

होळीनंतर एकदा यज्ञेश कविता म्हणत होता आणि बाहेरच्या ड्रिलपुढे एक शब्द ऐकू येत नव्हता. श्रुतिका उठली. मला पायानं बाहेर ढकललं. "थोडंच लावते हां." आणि दार पूर्ण लागलं.

मी बाहेर. आतलं काही कळेना. पळेल का ती? परत जिन्यावर बसेल?

दार उघडलं. श्रुतिकानं डोकं बाहेर काढलं.

"आहेस ना? थांब इथेच."

आणि तिनं दार आतून, स्वतःच्या हातानं लावलं.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही अशी कुणी असेल. तिला खोदून खोदून विचारू नका, हसू नका. दाराला काहीतरी टेकवून ठेवा. ते कधी काढायचं, हे तिचं तिला ठरवू द्या. आणि मला मात्र परत मोरीपाशी नेऊ नका. वारा सुटला की मला अजून चैन पडत नाही.