पुस्तके उचला, पाय ठेवा

मी एक जुनी तिपाई आहे आणि आधीच बजावून ठेवते, माझ्यावर पुस्तक ठेवायचे नाही. पेला नको, चष्मा नको, फुलदाणी तर मुळीच नको. माझ्यावर पाय ठेवा. धुतलेले असले तर उत्तम, नसले तरी माझी तक्रार नाही.

हसू नका, मित्रांनो. पाय टेकवायला जागा देणे हे काही हलके काम नाही. देवाने माणसाला पाय दिले ते चालायला, हे सगळ्यांना ठाऊक असते. ते दमतात हेही त्यालाच ठाऊक होते, म्हणून त्याने सुतार घडवले.

माझा सुतार म्हणजे दादा. त्यांची धाकटी बहीण नुकतीच इस्पितळात नर्स म्हणून लागली होती. बायकांच्या वॉर्डात दिवसभर उभी असे. घरी आली की वेताच्या खुर्चीत धपकन बसे आणि स्वतःच्या पायांकडे असे बघे, की जणू ते दुसऱ्या कोणाचे तरी आहेत. एका संध्याकाळी दादा फळ्यांचे तुकडे घेऊन तिच्यापुढे बसले. तिच्या टाचांखाली एकेक तुकडा सरकवत विचारू लागले.

"आता?"

"अजून थोडं वर."

"आता?"

"अजून."

"आता गं?"

उत्तर आले नाही. ती झोपली होती. दादांनी पेन्सिल काढली आणि त्या उंचीवर खूण केली. ती खूण म्हणजे मी.

मला तीन पाय दिले, कारण त्या घराची फरशी कुठे वर, कुठे खाली आणि तीन पाय कशाही जमिनीवर निमूट उभे राहतात. वर जुन्या घोंगडीचा तुकडा ठोकला, टाचांना टोचू नये म्हणून. दादा म्हणाले, "घे. ही तुझी. हिच्यावर दुसरं काही ठेवलंस तर उचलून परत नेईन." पुढे दादा देवाघरी गेले. मला परत न्यायला कोणी उरले नाही, एवढाच काय तो त्यात घोटाळा झाला.

तिला सगळे सिस्टर म्हणत, म्हणून मीही सिस्टरच म्हणते. किती वर्षे तिचे पाय माझ्यावर टेकले! मोज्याच्या कडेचा वळ, भेगाळलेल्या टाचा, फिनाइलचा वास, सगळे मला पाठ होते. आणि तिचे पाय टेकले की समोरून गाणे सुरू होई.

आमच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक प्रार्थनामंदिर होते. तिथे रोज संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ गाऊन निरूपण सांगत. आधी दोन ओळी गायच्या. मग एखादी गोष्ट, कधी हसवणारी, कधी रडवणारी. गोष्ट लांब कुठेतरी भटकून येई आणि लोक आता मूळ मुद्दा विसरले असे वाटते न वाटते तोच आजोबा पुन्हा त्याच दोन ओळींवर येत. आणि काय सांगू, त्याच ओळी आता दुसऱ्याच वाटत. सिस्टरची लाडकी ओळ ही:

टेकू दे रे देवा, टेकू दे जरासे,
चालायाचे आहे, उद्या पुन्हा.

डोळे मिटून, ओठ हलवत ती ऐके. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वॉर्डात मलमपट्टी करताना एखाद्या आजींना सांगे. आजी गोष्टीत गुंतत आणि पट्टी कधी सुटली ते त्यांना कळत नसे. हे तिनेच मला सांगितले. मला म्हणजे दादांना, पण बोलायची माझ्याकडे बघून. "दादा, तुझ्या तिपाईवर माझी नोकरी उभी आहे," असे म्हणायची. इतके कौतुक कुठल्या सिंहासनाच्या वाट्याला आले असेल?

मग आमच्याच जिन्यावर, दारासमोरच्या बिऱ्हाडात मास्तरीणबाई राहायला आल्या.

खोटे कशाला बोलू, बाई फार चांगल्या. शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलक्या. पहिल्याच आठवड्यात दोघींचे अगं-तुगं सुरू झाले. दोघी हसायला लागल्या की जिन्यातून जाणारा माणूस थांबून वर बघे. अशी मैत्रीण त्या वयात मिळणे ही देवाचीच कृपा.

पण त्यांची एक सवय होती आणि सिस्टरचीही एक. मास्तरीणबाईंना एखादे पुस्तक आवडले की ते दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय चैन पडत नसे. आणि सिस्टर कोणी दारात आले की चटकन पाय खाली घेई. पाहुण्यांसमोर पाय पसरून बसायचे नाही, असे तिच्या आईने शिकवलेले. त्यामुळे मास्तरीणबाईंनी मला पाहिले ते नेहमी रिकामे. खुर्चीजवळ छोटेसे टेबल, वर मऊ कापड. त्यांना वाटले, वा, पुस्तकांची छान सोय आहे!

"हे घे. आयुष्य बदलेल तुझं," असे म्हणत त्यांनी पहिले पुस्तक माझ्यावर ठेवले.

"का गं, आहे त्या आयुष्याला काय झालंय?"

"तू वाच तर! मग बोलू."

चार दिवसांनी पुढचे आले. मग एक प्रवासवर्णन. मग तीन भागांची एक कादंबरी, तिचा दुसरा भाग आधी, कारण पहिला कोणीतरी नेलेला. "सावकाश वाच हं, घाई नाही," असे त्या म्हणत आणि उंबऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या विचारत, "वाचलंस का?"

सुरुवातीला सिस्टर रोज ती पुस्तके उचलून पलंगावर ठेवी, पाय टेकवी आणि उठताना परत रचून ठेवी. न जाणो, बाई आल्या आणि त्यांना दिसले की पुस्तके बाजूला टाकली आहेत! पुढे ढीग वाढला. दिवसभर रुग्णांना उचलणाऱ्या बाईने घरी येऊन पुस्तके उचलायची म्हणजे काय? ती तशीच राहिली. पुस्तकावर पाय ठेवायचे तिच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. पाय खुर्चीखाली लोंबकळू लागले. घोट्याजवळचा वळ खोल होत गेला. हे सगळे माझ्या डोक्यावर तिसऱ्या भागाचा दुसरा भाग का दुसऱ्याचा तिसरा, ते घेऊन मी बघत होते.

तिने वाचायचा प्रयत्न केला नाही असे समजू नका. पहिल्या पुस्तकाचे पहिले पान तिने इतक्यांदा वाचले, की मलाही ते पाठ झाले. पण पाय ठणकत आणि ओळी एकमेकींत शिरत. मग ती काय करी? त्या पुस्तकातली खुणेची फीत रोज सकाळी थोडी पुढच्या पानांत सरकवून ठेवी. रुग्णाच्या तोंडावर कधी खोटे न बोललेली माझी सिस्टर मैत्रिणीला म्हणू लागली, "वाचतेय गं. हळूहळू. चवीनं वाचतेय."

आणि एका संध्याकाळी समोर गाणे सुरू झाले, तशी ती उठली आणि तिने खिडकी लावून घेतली. वाचायचे होते ना! गाण्याने लक्ष जाते ना!

त्या दिवशी माझे माथे फिरले.

त्यानंतर जे झाले ते त्याहून वाईट. जिन्यावर चपलांचा ओळखीचा आवाज आला की सिस्टर दिवा बंद करू लागली. अंधारात खुर्चीत श्वास धरून बसायची. बाहेरून हलकी टकटक व्हायची. "झोपली वाटतं," असे पुटपुटणे ऐकू यायचे आणि चपला परत जायच्या. एका जिन्यावरच्या दोन जिवाभावाच्या बाया, मध्ये एक बंद दार, आणि त्या दाराला कडी कोणी लावली? माझ्यावरच्या ढिगाने. ज्या पुस्तकांनी मैत्री वाढायची, त्यांना चुकवता चुकवता ही बाई मैत्रीण घालवून बसणार, हे मला स्वच्छ दिसत होते.

मग तिच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, दार उघडे असताना मास्तरीणबाई आल्याच. हातात विटेएवढे नवे पुस्तक.

"हे आधी वाच. बाकीची थांबू देत," असे म्हणून त्यांनी ते ढिगावर ठेवले.

लोक म्हणतील, सरस सुकला होता, लाकूड जुने झाले होते, ओझे जास्त झाले. म्हणू देत. मी सांगते ते ऐका. मी मोडले नाही. मी नकार दिला. पुढचा पाय मी सोडून दिला आणि सगळी विद्या फरशीवर आली.

"अगं बाई, माझी पुस्तकं!" मास्तरीणबाई खाली बसून पुस्तके गोळा करू लागल्या. एक हातात घेऊन थबकल्या. "फीत तर शेवटाला आलीये. मग काय वाटलं? तो मुलगा परत येतो तेव्हा?"

सिस्टर म्हणाली, "मुलगा कुठे गेला होता, तेच मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"फीत मी सरकवते. रोज सकाळी. मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. झालं?"

"अगं, पण आवडलं नाही तर सांगायचं..."

"आवडायला ते आधी वाचावं लागतं! दिवसभर उभी असते मी. ही तिपाई पाय ठेवायची आहे, माझ्या दादानं केलेली. पुस्तकांची नाही!"

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. पण मास्तरीणच त्या, लगेच म्हणाल्या, "त्या समोरच्या गाण्याला बरा वेळ असतो तुला! ते तर नुसतं ऐकणं."

"नुसतं? दिवसभर हे कान बायकांचं कण्हणं ऐकतात. संध्याकाळी त्यांना जरा देवाचं नाव ऐकू दे की! तेही मी बंद केलं, तुझ्या पुस्तकांपायी खिडकी लावून बसले."

"आणि दिवा?" मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "दाराखालच्या फटीतून दिसायचा मला. मी आले की विझायचा. मी मनाला सांगायची, दमली असेल."

सिस्टर वाकून पायाशी पडलेली पुस्तके गोळा करू लागली.

"पायांचं तरी सांगायचंस. इतक्यांदा आले मी, एकदाही तुला पाय वर घेऊन बसलेली पाहिली नाही."

"पाहुण्यांसमोर कशी बसणार पाय पसरून?"

मास्तरीणबाई उठल्या. पुस्तके पदरात, हातात, जमतील तशी घेतली. दारात वळून म्हणाल्या, "मी पाहुणी आहे का गं तुझी?"

आणि गेल्या.

मी भिंतीशी आडवी पडून होते. ढीग गेला, खिडकी उघडली, गाणे आत आले. मी जिंकले होते, मित्रांनो. पण सिस्टरचे ओठ हलेनात. पाय फरशीवर आणि नजर बंद दारावर. मला मात्र केल्याचा पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. खोटी फीत सरकवत टिकवलेल्या मैत्रीपेक्षा खरे भांडण बरे, असेच मी म्हणत होते. पण दार काही वाजत नव्हते आणि माझ्या हाती, म्हणजे पायी, आता काही उरले नव्हते.

मग एका संध्याकाळी चपला वाजल्या. सिस्टरने दिवा बंद केला नाही. उलट उठून दारच उघडले.

मास्तरीणबाईंच्या हातात पुस्तक नव्हते. सरसाची बाटली होती आणि सुतळी.

"बघतेस काय? धर तो पाय."

"तुला येतं का हे?"

"शाळेतले बाक कोण दुरुस्त करत होतं, शिक्षणमंत्री?"

"ते बाक मग मोडायचे ना परत?"

"मुलं मोडायची. तू धर नीट."

दोघींनी मिळून मला उभे केले. पाय वाकडाच बसला. दादांनी पाहिले असते तर कपाळावर हात मारला असता. सुतळी करकचून आवळून मास्तरीणबाई म्हणाल्या, "ठेव आता पाय."

"तुझ्यासमोर?"

"माझ्यासमोरच."

सिस्टर बसली. आईची शिकवण एका बाजूला सारायला तिला जरा वेळ लागला. मग एक पाय आला, मग दुसरा. ओळखीच्या त्या टाचा! ते घोटे बघून मास्तरीणबाई एवढेच म्हणाल्या, "अगं आई गं."

"तू तरी का देत सुटतेस पुस्तकं?" सिस्टरने विचारले.

"एखादं वाचून संपलं ना, की ते कोणाशी तरी बोलावंसं वाटतं गं. घरात बोलायला भिंती. तू वाचलंस तर तुझ्याशी बोलता येईल, म्हणून."

"मग बोल की! मला गोष्ट सांग, पुस्तक तुझ्याकडे राहू दे. पण आधीच सांगते, मला झोप लागली तर उठवायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायची नाही."

"आणि गाणं सुरू झालं की?"

"की गप्प बसायचं. तू पण ऐकायचं."

"बघू," मास्तरीणबाई म्हणाल्या. वाकायचे नाही, एवढे त्यांनीही ठरवलेले असावे.

मग त्यांनी त्या मुलाची गोष्ट सांगायला घेतली. तो घर सोडून कुठे गेला, का गेला. सिस्टर ऐकता ऐकता मध्येच म्हणाली, "मूर्खच आहे!" आणि मास्तरीणबाईंचा चेहरा असा उजळला, की इतक्या पुस्तकांनी त्यांना एवढे दिले नसेल. मुलगा परत यायच्या आधीच सिस्टर झोपली. समोर आजोबांनी ओळ उचलली. मास्तरीणबाई इकडे तिकडे बघत उठल्या, दुसरी खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या कोपऱ्यावर स्वतःचेही पाय हळूच टेकवले. पस्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले पाय ते. त्यांनाही कोणी विचारले नव्हते.

आजही मास्तरीणबाईंचा हात कधीकधी सवयीने माझ्याकडे येतो, काखेतले पुस्तक ठेवायला. मी वाकड्या पायावर जरा कलते. त्या समजतात आणि पुस्तक मांडीवर घेतात.

तेव्हा मित्रांनो, आजोबांसारखी मीही पहिल्या ओळीवर येते. पुस्तकांवर माझा राग नाही. वाचा, पुष्कळ वाचा, पण तुमच्या भुकेने वाचा. कोणी प्रेमाने दिले तर हात जोडून सांगा, "आत्ता नको." प्रेम खरे असेल तर ते तेवढ्याने मोडत नाही. आणि तुम्ही देणारे असाल तर द्यायच्या आधी समोरच्याच्या पायांकडे एकदा बघा.

एवढे सांगूनही कोणी माझ्यावर ढीग रचलाच, तर माझे अजून दोन पाय सोडायचे बाकी आहेत.