विहीर बुजवायचा दिवस

आमच्या घरायच्या लाइनीतली विहीर बुजवायची गोष्ट निघाली तेव्हाच मी सांगून टाकलं, आधी मले बुजवा, मंग विहीर. लोकायले वाटलं, शामला नेहमीसारखी भांडून राहिली. भांडतेच मी! प्रताप नगरात घर बांधलं तेव्हापासून भांडून राहिली अन् एकदाही हरली नाही.

विहीर आता कोणी वापरत नाही. नळ आले, बोअर झाले. पण आत बोटाएवढे मासे आहेत, बेडकं आहेत, कठड्यावर खंड्या येऊन बसते. तेवढं पाहिलं का माही सकाळ बरी जाते.

पोळा झाला अन् चंपतभाऊची नात हिमानी डेंग्यूनं पडली. रामदासपेठेत दवाखान्यात भरती केली. चंपतभाऊ आमच्या लाइनीचे अध्यक्ष, माणूस भला, पण पोरीच्या काळजीनं डोकं फिरलेलं. डास विहिरीतूनच येतेत म्हणे! इतवारीत त्यायच्या साडूचं जुनं दुकान पाडून राहिले होते. तिथला मलबा ट्रकभर बोलावला अन् विहिरीत ओतायचं ठरवलं.

रविवारी ट्रक आला. मी जाऊन कठड्यावर बसली.

"उठा शामलाताई," भाऊ म्हणाले. "माही नात तिकडे सलाइनवर आहे अन् तुमाले माश्यायचं पडलं!"

लागलं मले ते बोलणं. हिमानी अर्धी माह्याच घरात वाढली, मले काय काळीज नाही? पण मी उठली नाही.

"भाऊ, या पाण्यात एक अळी दाखवा. मलब्याचं पहिलं घमेलं मीच टाकते."

दोर-बादली मागवली, पाणी काढलं. सगळे वाकून पाहून राहिले. बादलीत दोन मासे आले, बाकी पाणी साफ.

"डासाची अळी झाली का हे गिळतेत," मी म्हटलं. "आता आपापले कूलर खोला."

आमच्या नागपुरात पोळा होते, दिवाळी येते, तरी उन्हाळ्यातला कूलर खिडकीतच टांगलेला. काढायचा कंटाळा! पावसाचं पाणी त्याच्या टाकीत साचते अन् आपण तिच्याच बाजूले झोपतो.

"पहिले तुमचा खोला नं वं ताई!" कामिनी बोलली. शेजारीण माही, संधीच पाहून राहिली होती.

मी ऐटीत गेली अन् जाळी ओढली. अगा माय वं! आत अळ्याच अळ्या वळवळून राहिल्या होत्या. कामिनी अशी हसली का वाटलं, आपणच विहिरीत उडी मारावी. पण तोंड बंद करीन तर शामला कशाची!

"पाहा, मी सांगत होती तेच निघालं! चला, आता तुमचे दाखवा."

घरोघरी तेच. शेवटी चंपतभाऊच्या घरी गेलो. हिमानीच्या पलंगाले लागून खिडकी, खिडकीत कूलर. भाऊनं स्वतः जाळी काढली अन् त्या पाण्याकडे पाहतच राहिले.

"म्हणजे पोरीच्या उशाशी मीच..."

माहं भांडण तिथंच विरलं, लय वाईट वाटलं. त्यायच्या पाठीवर हात ठेवला. "पोरगी बरी होऊन राहिली भाऊ, सकाळीच डॉक्टरनं सांगितलं नं! चला, उचला हे पाणी."

आम्ही दोघांनी बादल्या भरून नेल्या अन् विहिरीत ओतल्या. खालून मासे असे तुटून पडले, जसे पंगतीत उपाशी पोट्टे. भाऊ कठडा धरून पाहत राहिले, शेवटची अळी जाईपर्यंत. मंग साऱ्या लाइनीचे कूलर तिथंच रिकामे झाले.

ट्रकवाला पिंटू वैतागला. "साहेब, मलब्याचं काय करू आता? मागच्या नाल्यात पलटवून देतो."

मी तोंड उघडलंच होतं. पण माह्या आधी चंपतभाऊ ओरडले, "नाल्यात काहून गा? तिथं काय कोणी राहत नाही?"