मेजरबाई गप्प का राहिल्या

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!" जखमी मुलाच्या आईने टेबलावर हात आपटला, तसा कुलगुरूंचा चहा बशीत सांडला. "पोरं चुकीच्या वाटेने चालली होती, आणि तुम्ही मागून मजा बघत होतात?"

"मजा नाही," मेजरबाई म्हणाल्या. "पण माहीत होतं."

विद्यापीठात शिकता शिकता सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांची तुकडी त्यांच्याकडे होती. त्या आल्या तेव्हापासून प्राध्यापकांच्या खोलीत कुणी त्यांना खुर्ची सरकवून दिली नव्हती. इतिहासाचे प्राध्यापक तर त्या दिसल्या की मोठ्याने "सावधान!" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. आज ते चौकशीला बसले होते आणि हसत नव्हते. बऱ्याच दिवसांनी मनासारखं काम हाती लागलं होतं.

"ही कुठली शिकवायची तऱ्हा?" ते म्हणाले. "मुलं खड्ड्यात चाललीत आणि बाई बघताहेत!"

मेजरबाईंनी समजावून सांगितलं. सरावाच्या दिवशी वाट मुलांनीच शोधायची. शिकवणारा सगळ्यांच्या मागे चालतो आणि तोंड उघडत नाही. पुढचा चुकला तर त्याला थांबवायचं ते रांगेतल्याच कुणीतरी. खऱ्या कामगिरीवर जातील तेव्हा मागे शिकवणारा नसतो.

"आणि पाय मोडला तर?" आईने विचारलं.

"ओढ्याच्या काठाच्या अलीकडे मी हाक मारायला हवी होती. मला वाटलं, आता बोलेल कुणीतरी. आता बोलेल. असं करत थांबले. ती चूक माझी."

भिंतीला लागून तुकडीचा पुढारी उभा होता. मुलं त्याला कप्तान म्हणत. पळण्यात, बोलण्यात, दिसण्यात सगळ्यांत उजवा. लवकरच तो अधिकारी होणार होता, मेजरबाईंची शिफारस तेवढी बाकी होती. त्या सकाळी धुक्यात त्याने होकायंत्र वाचलं, ते रायफल छातीशी धरूनच. लोखंड जवळ असलं की सुई तिकडे ओढली जाते, म्हणून रायफल दूर ठेवून मगच वाचायचं, हे त्याला अगदी सुरुवातीलाच शिकवलेलं. मागून एक मुलगी म्हणालीही होती, "अरे, ओढा डाव्या हाताला राहायला हवा ना? पाण्याचा आवाज तर समोरून येतोय." त्यावर मान न वळवता तो म्हणाला, "तू चाल गं मुकाट्याने." मग सगळेच मुकाट्याने चालले. काठ खचला, आणि ज्याला सगळे पेन्सिल म्हणत तो काटकुळा मुलगा खाली गेला.

"वाट चुकली कशी?" कुलगुरूंनी कप्तानाला विचारलं.

मेजरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग नजर खिडकीकडे नेली. त्याच्यावर दडपण नको.

"धुकं होतं सर," तो म्हणाला. "आणि मॅडम मागेच होत्या. त्यांनी थांबवलं नाही, म्हणजे बरोबर चाललोय असं वाटलं आम्हाला."

"ऐकलंत?" प्राध्यापक पुढे झुकले.

"ऐकलं. मी मागे होते, हे खरंच आहे."

कुलगुरूंनी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. मुख्यालयाशी बोलणं झालंय म्हणाले. तुकडी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल, या मुलांच्या शिफारशी मात्र जाण्याआधी तुम्हीच करून द्या.

व्हरांड्यात कप्तान मागून धावत आला. "थँक यू मॅडम. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

"तुझ्यासाठी नाही गप्प बसले. तुला बोलायला जागा ठेवली होती."

त्याचा चेहरा उतरला. "मग... माझी शिफारस?"

"नाही करणार."

"मॅडम! एवढं सगळं झाल्यावर? सूड उगवताय माझ्यावर?"

"वाट कुणाचीही चुकते रे. नुसत्या तेवढ्यासाठी तुला अडवलं नसतं मी."

"बाबांना सांगतो. ते बघून घेतील तुम्हाला."

"सांग. होकायंत्राचंही सांग त्यांना."

सकाळपर्यंत मैदानभर झालं की जाता जाता बाईने कप्तानाचा गळा कापला. मुलांनी सलाम ठोकले, नियमात चोख बसतील असे. नजरा मात्र मेजरबाईंच्या कानाजवळून लांब कुठेतरी. ओढ्याचं बोललेल्या मुलीचीसुद्धा.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. "बदली कुठे झाली गं?"

"अजून कळलं नाही, आई."

"कळेल तेव्हा कळेल. पिल्लू तुझे बूट घालून घरभर फिरतंय, दोन्ही पाय एकाच बुटात. तू जेवलीस का?"

"जेवते," त्या म्हणाल्या आणि हॉस्पिटलात गेल्या.

पेन्सिलचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्याची आई एकटीच चादर बदलत होती. दारात गणवेश दिसताच ती ताठ झाली.

"आत यायचं नाही."

मेजरबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"आई, अगं..." पेन्सिल म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस. फळं घेऊन आल्या असतील, फोटो काढायला."

"काही आणलं नाही," मेजरबाई म्हणाल्या. "बघायला आले."

"बघण्यातच हुशार तुम्ही."

तिने चादर ओढली. ती प्लास्टरखाली अडकली होती. एका हाताने पाय उचलू गेली तर मुलगा कळवळला. तिने बाहेर पाहिलं, नर्स कुठेच दिसेना.

"उभ्या काय राहिलात?" ती खेकसली. "पाय धरा."

मेजरबाई आत आल्या. टोपी काखेत मारली, तशी वाकता येईना, म्हणून ती जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात प्लास्टरखाली घातले. पाय दिसत होता त्याहून जड होता.

"हलवू नका."

"नाही हलवत."

आईने जुनी चादर काढली, नवी अंथरली, चारी कोपरे खोचले, हाताने सुरकुत्या काढल्या. या सगळ्यात तिने एकदाही वर पाहिलं नाही. पाय खाली ठेवा, असंही म्हणाली नाही. ती उशीचा अभ्रा बदलायला वळली. मेजरबाई पाय तसाच धरून वाकून उभ्या राहिल्या.