साळूबाईची राखण

साळूबाईच्या तोंडी लागू नये, हे लवळ्यातलं शेंबडं पोरही जाणून होतं. पण पाखरं राखावीत ती तिनंच, हे तिचे वैरीसुद्धा मान्य करायचे. भात दुधात आलं की लोक आधी तिला सांगून ठेवायचे आणि मग कापणीला माणसं बघायचे. वावरातल्या उंच माळ्यावर उभी राहून ती गोफण फिरवायला लागली की तीन वावरांत चिमणी उतरायची नाही. चाळीस वर्षं तिनं हेच केलं. नवरा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ती माळ्यावर हजर होती. बायकांनी नावं ठेवली, तर म्हणाली, पाखरांना कुठलं आलंय सुतक.

पुढं तिच्या पोरानं, किशोरनं, टेकडीकडची जमीन विकली. तिच्यावर बंगले उठले, खाली कॉलेजं आली आणि राखायला काही म्हणून उरलं नाही. किशोरनं घरामागं खोल्या बांधून कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिल्या. कडेच्या एका खोलीत साळूबाई राहायची. त्या खोलीवर सून शुभांगीचा डोळा होता. पोरं मागू ते भाडं द्यायला तयार, आणि म्हातारी फुकटात पाय पसरून बसलेली, हे तिला बघवत नव्हतं. "चार पैसं आणत्याल तर ऱ्हाऊ द्या, न्हाईतर गोठा हायेच की मोकळा," असं ती नवऱ्याला सांगायची, तेही सासूच्या कानावर बरोब्बर पडेल अशा बेतानं. किशोर बायकोपुढं मांजर. गोठ्यातली म्हैस कधीच विकली होती, पण गोचिडं तिथंच होती. साळूबाईला मरण चाललं असतं, गोठा चालणार नव्हता.

अशात तिला इंद्रजित साहेबाचं काम लागलं. हा साहेब पुण्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन टेकडीवर बंगल्यात राहायला आला होता. बागेत त्यानं पाखरांसाठी दाण्याच्या पाच नळ्या टांगल्या होत्या. राळा घालायचा, बाजरी घालायचा, आणि मुनिया आल्या, सुगरण आली की व्हरांड्यात चहा पीत फोटो काढायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण कॉलेजांच्या गच्च्यांवरची कबुतरं त्या दाण्याला चटावली. पन्नास-साठ एका वेळी उतरायची, नळ्या उलट्यापालट्या करायची आणि खाली दोन बोटं घाण करून जायची. लहान पाखरं यायची बंद झाली. साहेबानं चमकणाऱ्या चकत्या टांगल्या, प्लास्टिकचं घुबड बसवलं, कठड्यावर काटे लावले. कबुतरांनी त्या काट्यांतच घरटं करून अंडी घातली. शेवटी कुणीतरी त्याला साळूबाईचं नाव सांगितलं.

साळूबाई कबुतरांना पारवे म्हणायची आणि त्यांना माणसासारख्या शिव्या घालायची. साहेबानं अटी सांगितल्या. ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही, दुसरी पाखरं बुजता कामा नयेत. तिनं मान डोलावली. तिसऱ्या दिवशी साहेब आंघोळीला गेल्याचं बघून तिनं गोफणीत दगडाचा गुंडा घातला आणि कठड्यावरच्या सगळ्यात मोठ्या पारव्याचं डोकं फोडलं. एकाला बसली की शंभर शिकतात, हे तिला चाळीस वर्षांत कळून चुकलेलं. मेलेला पारवा तिनं ओच्यात लपवून नेला आणि ओढ्यात टाकला. पुढं दगडाची गरजच पडली नाही. डाळिंबी लुगडं नेसून ती स्टुलावर बसायची. मुनिया आल्या की पुतळा व्हायची, पारवे आले की नुसता हात वर करायची. महिनाभरात असं झालं की टेकडीच्या वळणावर तिचं लुगडं दिसलं की कठडा मोकळा. साहेब खूश होता. पगार वेळेवर मिळत होता, शुभांगीचं तोंड गप्प होतं, आणि खोलीला आतून कडी लावून साळूबाई पाय ताणून झोपत होती.

एक दिवस साहेबानं तिला कोरं लुगडं दिलं. चांगलं जरीकाठी. बदल्यात म्हणाला, मावशी, ते रोजचं जुनं मात्र मला आणून द्या. साळूबाईला वाटलं, गाडी पुसायला पाहिजे असेल, मोठ्या लोकांना फडकीही नीट मिळत नाहीत. तिनं डाळिंबी लुगडं धुऊन, घडी करून दिलं आणि नवं लुगडं सगळ्या आळीला दाखवत फिरली. शुभांगीच्या नाकावर टिच्चून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंगल्यावर गेली तर तिच्या स्टुलावर कुणीतरी बसलेलं. बांबूचे हात, मडक्याचं डोकं, आणि डोक्यावरून पदर घेतलेलं तिचंच डाळिंबी लुगडं. कठड्यावर एकही पारवा नव्हता.

"बघितलंत मावशी? त्यांना लुगडंच कळतं," साहेब हसत म्हणाला. "आता तुम्हाला उन्हातान्हात बसायला नको. आराम करा."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, तेच तिला झोंबलं. हाकलून दिलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. हा मेला गोड बोलून, लुगडं नेसवून घालवत होता. इतकी वर्षं पाखरं बुजवली, आणि अखेर मडक्यानं आपली जागा घेतली. साळूबाई टेकडी उतरली. आळीत कुणी विचारलं तर सांगायची सोय नव्हती.

शुभांगीला दोन दिवसांत कळलं. तिनं आदळआपट काही केली नाही. सासूला ती आत्या म्हणायची, आणि त्या दिवशी तर फारच मायेनं म्हणाली. "आत्या, पुढल्या म्हयन्यात दोन पोरं येणार हायेत खोलीत. तुमची पेटी तेवढी आवरून ठिवा." गोठ्यात तिनं पोतीही अंथरून ठेवली होती.

आता कुणी शहाणं माणूस असतं तर थांबलं असतं. मडक्याला पारवे किती दिवस भिणार? पंधरा, नाहीतर वीस. साळूबाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. बुजगावण्याच्या डोक्यावर बसून शिटणारी पाखरं तिनं जन्मभर बघितली होती. साहेब झक मारत टेकडी उतरून आला असता. पण डोक्यात राख घातली की शहाणपण कुठलं! तिला वाट बघायची नव्हती, सूड पाहिजे होता, आणि तोही आपल्या हातानं.

दुसऱ्या दिवसापासून ती सुनेच्या डब्यातली तांदळाची कणी ओच्यात घेऊन टेकडीवर जायला लागली. बंगल्याच्या मागं, भिंतीपासून लांब, कातळावर बसायची. आधी पारवे जवळ येईनात. त्यांच्यात तिच्या दहशतीच्या गोष्टी चालत असाव्यात. मग एक आला, चार आले. ती गोड आवाजात बोलवायची, या रं माज्या राजांनो, या. हात वर करून, गोफण फिरवावी तसा गरकन फिरवून ती कणी उधळायची. पाचव्या दिवशी ते तिच्या पायावरून चालत होते. दहाव्या दिवशी तळहातावरची कणी टिपत होते. रोज ती चार पावलं भिंतीकडं सरकायची. शेवटी तिनं भिंतीवरून हात घालून मूठ-मूठ कणी थेट त्या बाहुलीच्या मांडीत फेकली, आणि सगळा थवा भिंत ओलांडून बागेत कोसळला. नळ्यांचा आवाज, साहेबाचं ओरडणं, मडकं फुटल्याचा आवाज, हे सगळं तिनं कातळावर बसून ऐकलं. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढं आठ दिवस ती रोज हा तमाशा ऐकायला जात राहिली, रिकाम्या हातानं कधीच गेली नाही.

नवव्या दिवशी साहेबाची गाडी घरासमोर उभी राहिली. गोठ्यात जायला तीन दिवस उरले होते. साळूबाईनं त्याला अंगणात उभं ठेवलं, मुद्दाम चूळ भरली, पाय धुतले, मग बाहेर आली. साहेबाचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, एकही मुनिया येत नाही, सुगरण येत नाही, बाग नासली. त्याचं चुकलं, हे त्यानं शुभांगीच्या देखत कबूल केलं. त्यानं सांगितलं की काम आता कायमचं, मावशींचे हातपाय चालतील तोवर. साळूबाई म्हणाली, माजं लुगडं तुमच्या हातानं धुऊन द्या. तोही तयार झाला. शुभांगी भांडी घासायची थांबली होती. गाडी गेल्यावर तिनं फोन करून त्या दोन पोरांना खोली नसल्याचं सांगितलं आणि सासूला चहा दिला, आलं घालून. साळूबाई त्या रात्री खाटेवर आडवी झाली आणि खोलीच्या चारी भिंती बघत बसली. आता मरेपर्यंत आपली.

सकाळी ती डाळिंबी लुगडं नेसून स्टुलावर बसली. कंबरेला गोफण होती. साहेब व्हरांड्यात चहा घेऊन उभा होता. कठड्यावर पारवे दाटीवाटीनं बसलेले. साळूबाईनं सवयीनं हात वर केला.

सगळे एकदम खाली आले. पायाशी आले, मांडीवर बसले, एक खांद्यावर, एक तर वर केलेल्या मनगटावरच येऊन घुमायला लागला. तिनं हुसकलं, ते बाजूला सरकले आणि परत आले. तिनं गोफण काढून गरकन फिरवली, तिचा फटाका वाजवला, तर जे मागं राहिले होते तेही धावत पुढं आले. मग मात्र तिचा तोल सुटला. मनगटावरचा पारवा तिनं मुठीत धरला, त्याची मान पिरगाळली आणि सगळ्यांच्या देखत जमिनीवर आपटला. बाकीचे त्याच्याभोवती जमून जमीन टोचायला लागले. तिच्या हातून पडतं ते खायचंच असतं, एवढं त्यांना पक्कं शिकवलेलं होतं.

साहेबानं कप खाली ठेवला.

"मावशी, ही तुम्हाला ओळखतात," तो म्हणाला.

साळूबाईनं खांद्यावरचा पारवा झटकला. साहेबानं विचारलं, काय घालत होतात यांना? तेव्हा ती म्हणाली, कणी. तो ओरडला असता तरी चाललं असतं. तो मान खाली घालून मेलेल्या पारव्याकडं बघत राहिला.

"सायेब, सांजपतुर बसू द्या," ती म्हणाली. "आत्ताच घरी गेले तर सुनंला कळंल. आजच्या दिस बसते, पगार नगं."

"तुम्ही बसलात तर ही हलणार नाहीत," साहेब म्हणाला, आणि त्यानं स्वतः जाऊन फाटक उघडलं.

ती बाहेर पडली. कातळापर्यंत गेली, वळून बघितलं, तर सगळा थवा भिंतीवर येऊन बसला होता. तिनं दगड उचलला. हात वर झालेला दिसताच ते उडून तिच्याकडंच आले. तिनं दगड टाकून दिला आणि चालायला लागली. पाय उचलत होते तेवढी भरभर चालली, मधे पळायचाही प्रयत्न केला, पदर तोंडावरून ओढून घेतला. डोक्यावरचा पंखांचा आवाज काही कमी होईना. आळीतली माणसं दारात येऊन बघायला लागली, कुणीतरी हसलं.

शुभांगीनं अंगणभर तांदूळ वाळत घातले होते. आवाज ऐकून तिनं मान वर केली. आधी तिला पारवे दिसले, मग सासू.