सर्व्हरच्या खोलीतला गारवा

सर्व्हर जागच्या जागी राहिला, तर कृष्णातला मिळणार होतं ते असं: तासगावच्या मे महिन्यातही गार राहणारी एक खोली, त्या खोलीची पट्ट्याला लटकणारी किल्ली, आणि कुणी काही विचारलं की ‘बघतो’ म्हणण्याचा अधिकार. सर्व्हर उचलून साताऱ्याला, लोकांचे सर्व्हर भाड्याने सांभाळणाऱ्या सुमंतच्या कंपनीत ठेवला, तर सुमंतने कबूल केलेली, त्या कंपनीचा तासगावातला माणूस म्हणून जागा आणि खिशात त्याच्या नावाचं छापील कार्ड. आणि सगळं क्लाउडवर गेलं, तर वजनकाटा. तिथूनच तो आला होता.

हा हिशोब तो मनात तिसऱ्यांदा मांडत होता, तेव्हा मालकांच्या केबिनमध्ये बैठक चालू होती आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते.

“कृष्णातदादा, तुमचं मत विचारतेय मी,” राजेश्वरी म्हणाली.

“बघतो,” कृष्णात म्हणाला.

राजेश्वरी ही मालकांची, दादासोंची, थोरली सून. फर्म बेदाण्याची. शेड, प्रतवारी, कोल्ड स्टोरेज सगळं तासगावला, आणि विक्रीचं ऑफिस सांगलीला, ते ती बघायची. नमुन्यांचे फोटो, रोजचे दर, कुठला ट्रक कुठे निघाला याची पत्रं, हे सगळं जायचं-यायचं ते तासगावच्या एका खोलीतल्या यंत्रातून. यंदाच्या हंगामात ते यंत्र ऐन लिलावाच्या दिवशी बसलं, मग पुन्हा बसलं, आणि तिसऱ्यांदा बसलं तेव्हा सांगलीच्या ऑफिसातली माणसं फोनवर नमुन्यांचं वर्णन करत होती. हिरवा म्हणजे किती हिरवा, यावरून दिल्लीचा एक व्यापारी तुटला. तेव्हा राजेश्वरीने सासऱ्यांना सांगितलं होतं की यंत्र इथेच ठेवायचं, साताऱ्याला ठेवायचं, की क्लाउडवर जायचं, हे एकदाचं ठरवू या.

दादासोंनी आयुष्यभर माल ठेवला होता आणि काढला होता. त्यांनी ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं. “म्हंजे माल आपल्याच शेडात ठिवायचा, का दुसऱ्याच्या कोल्ड स्टोरेजात भाड्यानं जागा घ्यायची, का...” तिसऱ्याला त्यांना काही सापडेना. “का हवेत सोडायचा.”

“हवेत नाही, मामा. त्यांचंही गोदामच असतं. फक्त ते नेमकं कुठं आहे हे आपल्याला माहीत नसतं.”

“मग आनी काय म्हनलो मी?”

सुमंत हसला. तो साताऱ्याहून सकाळी निघून आला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात बडीशेपेची पुडी. त्याचं म्हणणं सरळ होतं: यंत्र तुमचंच राहील, मालकी तुमची, फक्त पत्ता बदलेल. आमच्याकडे जनरेटर आहे, माणूस आहे. कधीही साताऱ्याला या, हात लावून बघा. हे हात लावून बघणं दादासोंना पटत होतं, ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं. राजेश्वरीलाही ते दिसत होतं, आणि ती पेनचं टोपण काढत होती, घालत होती.

चहा आला तसा कृष्णात उठला. सकाळपासून तो असाच उठत होता, बसत होता. कारण विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, यंत्र बघून येतो. यंत्राला काही झालं नव्हतं. तो फक्त किल्ली लावून आत उभा राहायचा आणि परत यायचा.

खोली म्हटली तर सर्व्हरची. पण एसी बसला त्या उन्हाळ्यापासून ती सगळ्यांची झाली होती. कोपऱ्यात नमुन्याचे डबे, खिळ्यावर कुणाची तरी पिशवी, खिडकीत दह्याचं भांडं. आणि यंत्राशेजारच्या फळीवर निळ्या झाकणाचा एक डबा. तो राहीबाईचा. राहीबाई पलूसकडच्या एका गावातून रोज एसटीने यायची आणि प्रतवारीच्या बायकांवर देखरेख करायची. दुपारच्या जेवणाआधी तिला इन्शुलिन टोचून घ्यायचं असायचं. पत्र्याच्या शेडात ते औषध टिकलं नसतं, आणि कोल्ड स्टोरेजमध्ये मालाशिवाय दुसरं काही न्यायला बंदी. म्हणून ते इथे. कृष्णातने ते ठेवू द्यायला कधी कुणाला विचारलं नाही. खोली त्याची होती.

राहीबाई दारातच भेटली. चपला बाहेर काढून ती आत आली, डबा उघडला, पाठ वळवून पोटाला सुई टोचली आणि पदर सारखा करत म्हणाली, “मिटिंग कसली हाय रं?”

“खोलीची.”

“का? खोलीनं काय केलं?”

कृष्णातची नजर तिच्या पायांवर गेली होती. जोडवी चांदीची, पण पार काळी. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून शेडात गंधकाची धुरी देतात. तिथे काम करणाऱ्या बाईची चांदी एका हंगामात काळी पडते. नव्या आलेल्या पोरी जोडवी घरी काढून ठेवतात. राहीबाई काढत नसे.

ती गेली आणि सुमंत आला. यंत्र न्यायचं तर एकदा बघून घेतो म्हणाला. बाजूचा पत्रा काढून त्याने मोबाईलचा उजेड आत टाकला, आणि बराच वेळ वाकून राहिला.

“हे काळं कशानं?”

“धुरीनं,” कृष्णात म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पुसतो मी अधनंमधनं.”

सुमंतने पत्रा परत लावला. आवाज खाली आणून तो म्हणाला, की याला फार तर एखादा हंगाम. पण हे आत बोलायची गरज नाही. एकदा सही झाली की यंत्र आमच्याकडे येईल, पुढे बंद पडलं तर नवं घ्यायला सांगू, तेव्हा मालक नाही म्हणणार नाहीत. तुमची जागा तर पक्कीच. “तुम्ही फक्त चालेल म्हणा. एवढंच.” आणि त्याने बडीशेपेची पुडी पुढे केली. कृष्णातने चिमूटभर घेतली.

दोघे केबिनमध्ये परत गेले तेव्हा दादासो वाटच बघत होते. “कृष्णा, यंत्र तुज्या हाताखालचं. सातारला न्हेलं तर चालंल का? व्हय का न्हाई, एवढं सांग. लय पाल्हाळ नको.”

एक शब्द सांगायचा होता. बडीशेप अजून तोंडात होती. कृष्णातने एकदा सुमंतकडे पाहिलं, एकदा राजेश्वरीच्या पेनाकडे.

“मालक, राहीमावशीची जोडवी बघितलीसा?”

“तिची जोडवी मी कशाला बघू?”

“काळी ठिक्कर पडल्यात. यंत्राच्या आत बी तसंच झालंय. सातारला न्या, न्हाईतर काशीला न्या.”

गंधकाचं दादासोंना समजावून सांगायची गरज नव्हती. ते खुर्चीत मागे रेलले. सुमंत पुडीची घडी घालू लागला. राजेश्वरीने पेनला टोपण लावलं, ते मग काढलं नाही.

याला कृष्णातचा खरेपणा म्हणावा, तर तसं म्हणवत नाही. इतके दिवस तो ते काळं पुसत होताच की. पण सकाळपासूनची ती उठबस थांबवायला त्याला दुसरा उपाय सुचला नाही. खरं बोलणारी पुष्कळ माणसं अशीच बोलतात. फक्त कुणी तसं सांगत नाही.

नवं यंत्र इथेच ठेवून पुन्हा काळं करायला दादासो तयार नव्हते, आणि नवं यंत्र घेऊन दुसऱ्याच्या घरी ठेवायलाही. उरला क्लाउड. पण त्याचं भाडं दर माणशी, दर महिन्याला, हे कळल्यावर ते पुन्हा पुढे सरकले.

“मानसं कशाला मोजायची? हितं बोर्ड माज्या नावाचा, पावती माज्या नावाची, लाईटबिल माज्या नावाचं. टेम्पोवर बी माजंच नाव. एकच नाव घाल.”

राजेश्वरीने समजावून पाहिलं की प्रत्येकाला आपापलं नाव लागतं, कोण काय बोललं ते कळायला नको का. दादासो म्हणाले, फर्म बोलली असं कळलं की झालं. क्लाउड हातातून निसटू नये म्हणून तिने ते मान्य केलं. हुशार माणसं चूक करतात ती बहुधा अशीच, जिंकता जिंकता.

आठवड्यात खोली रिकामी झाली. एसी सांगलीच्या ऑफिसात गेला. खोलीत बारदानाची पोती आली, आणि पोत्यांना कुलूप लागत नाही म्हणून दार उघडंच राहू लागलं. कृष्णात काट्यावर गेला. काट्याच्या केबिनला तीन बाजूंनी काच, दुपारी आत कणीस भाजून निघावं. त्याने पहिल्याच दिवशी जुनी पाटी नव्याने रंगवली: ‘गाडी काट्यावर असताना कुणी हलवू नये.’

आणि सगळ्यांच्या मोबाईलवर दादासो बोलू लागले. ‘ट्रक आला’, दादासो. ‘कुठला ट्रक?’, दादासो. ‘तुम्हीच मागवलेला’, दादासो. ‘चहा ठेवलाय, या’, हेही दादासोच. सांगलीच्या ऑफिसातला एक कारकून पहिले काही दिवस प्रत्येक निरोप उभा राहून वाचायचा. खुद्द दादासोंची करमणूक झाली. संध्याकाळी चष्मा लावून ते दिवसभराचं वाचून काढत आणि म्हणत, “आज लय काम केलं मी.”

राहीबाईचा डबा आता शेडामागच्या माठाला टेकवून, ओल्या फडक्यात गुंडाळलेला असे. ती कुणाला काही बोलली नाही. एका दुपारी कृष्णात पाणी भरायला गेला, तर ती माठापाशीच बसलेली. तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती.

“काय झालं, मावशी?”

“काय न्हाई. तहान भागंना. पाय गळाल्यात नुसतं.”

“औषध?”

“घेतलंय की. पर लागत न्हाई आता.”

दुपारच्या उन्हात वाळून गेलेलं फडकं सोडून त्याने डब्यातली बाटली हातात घेतली. चहाच्या कपासारखी गरम होती. तो म्हणाला, आजच्या आज नवी बाटली आण, आणि मालकांच्या केबिनमध्ये फ्रीज आहे, विचार त्यांना. व्यापाऱ्यांच्या ताकाशिवाय त्यात काही नसतं.

“मालकाच्या फ्रीजात माजं औषध?” तिने बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. “गप.”

काट्यावर परत येऊन कृष्णात खुर्चीत बसला, उठला, काचेपाशी गेला, परत बसला. मग त्याने मोबाईल काढला आणि लिहिलं: ‘राहीबाई यांचे औषध उद्यापासून माझ्या केबिनमधील फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवावे. कुणी हलवू नये.’

पाठवलं. खाली नाव आपोआप आलं. त्याच्या पाठोपाठ ‘होय मालक’ आलं, ‘ठीक आहे मालक’ आलं, आणि त्या सगळ्यांखालीही दादासो. आख्ख्या फर्मभर दादासोंनी दादासोंचा हुकूम मानला.

दोन दिवसांनी राजेश्वरी सांगलीहून आली. तिने येताना काट्यावरची पाटी वाचली होती, आणि ‘कुणी हलवू नये’ हे शब्द तिला ओळखीचे वाटले होते. केबिनमध्ये गेल्यावर तिने आधी कृष्णातला बोलावून घेतलं, आणि मग मोबाईल सासऱ्यांपुढे धरला.

“मामा, हे तुम्ही लिहिलंत?”

दादासोंनी मोबाईल हातभर लांब धरून वाचला. मग उठून फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात, ताकाच्या बाटल्यांशेजारी, निळ्या झाकणाचा डबा होता. त्यांनी फ्रीज लावला.

“मीच लिवलं.”

“तुम्हाला टाईप करता येत नाही.”

“बोलून लिवलं.”

राजेश्वरीने त्यांच्या हातातून मोबाईल परत घेतला. मग शांतपणे म्हणाली, “आज औषध आहे, मामा. उद्या तुमच्या नावानं कुणी माल विकेल.”

हे खरं होतं, आणि दादासोंना व्यापार कळत होता. “ते बी बरोबर हाय,” ते म्हणाले. “नावं येगयेगळी कर. ज्याला गरज हाय त्येलाच दे.” हे म्हणताना ते कृष्णातकडे बघत नव्हते. फ्रीजकडे बघत होते.

“काट्याला नाव लागंल का रं?”

“न्हाई लागत, मालक,” कृष्णात म्हणाला. “काट्याची चिठ्ठी निघती.”

त्याने मोबाईल राजेश्वरीच्या हातात दिला. तिने त्यातून दादासो काढून टाकले आणि मोबाईल परत दिला.

तेव्हा हिशोब लागला तो असा. राजेश्वरीला क्लाउड मिळाला. दादासोंनी माणशी भाडं भरलं, आणि संध्याकाळची करमणूक गेली. सुमंतचं तासगावला येण्याजाण्याचं पेट्रोल गेलं. राहीबाईला काही भरावं लागलं नाही. त्या आठवड्यात एसटीला जाताना ती मुद्दाम काट्याच्या खिडकीशी थांबली. पाय आता बरे होते.

“बघ गड्या, मालक असून किती ध्यान हाय. तुमास्नी एकाला तरी सुचलं व्हतं का?”

“न्हाई सुचलं, मावशी,” कृष्णात म्हणाला, आणि बेदाण्याच्या टेम्पोचं वजन लिहायला वाकला. वाकताना पट्ट्याची किल्ली टेबलाच्या कडेला लागून वाजली. ज्या दाराची ती होती, त्या दाराला आता कुलूप नव्हतं. हिशोबातलं उरलेलं सगळं नुकसान त्याच्या नावावर पडलं होतं, आणि त्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं.